मिळून म्हणजे कसं मिळून

लोक माझ्या मशीनसमोर बसायचे आणि पहिलंच वाक्य सांगायचे, ‘‘लिवा बाई, आमी सगळे मिळून...’’ माझी बोटं तिथंच थांबायची.

मराठीत बघा, ‘मिळून’ म्हटलं की काम भागतं. भाऊ मिळून राहतात, गाव मिळून जत्रा करतं, दोघं चोर मिळून घर फोडतात, आणि नवरा-बायको तर मिळून भांडतात. एकच शब्द, पण सगळ्यांच्या अंगाला बसतो. इंग्रजी तशी नाही. इंग्रजी भारी चौकस बाई. ती म्हणते, मिळून म्हणजे कसं मिळून ते आधी सांगा. एका वेळी आलात म्हणून मिळून? एका कागदावर सह्या केल्या म्हणून? की कुणा एकाचं नाही म्हणून सगळ्यांचं? दर वेळी तिच्याकडं निराळा शब्द. टुगेदर, जॉइंट, म्युच्युअल, कॉमन, अलाँग विथ. डिक्शनरीत बघावं तर एकीपुढं दुसरी लिहिलेली आणि दुसरीपुढं पहिली. दोन जावांनी एकमेकींकडं बोट दाखवावं तसं.

मी इंग्रजी टायपिंग करायची. आधी नांदेडला कचेरीच्या आवारात, नंतर लातूरला लिंबाखाली. शिक्षण विचाराल तर सातवी, तीही नायगावात, आणि तिथं इंग्रजीचे मास्तर वर्षातून अर्धे दिवस रजेवर. वडील शिवणकाम करायचे. मशीनवर पाय मारायची सवय होती, लग्न झाल्यावर मशीनवर बोटं मारायची वेळ आली, एवढाच फरक. आमचे हे टायपिस्ट होते. पुढं त्यांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं तेव्हा ते बाजूला बसून एकेक अक्षर सांगायचे आणि मी बडवायची. बडवता बडवता अक्षरं कळली, मग शब्द ओळखीचे झाले, आणि अर्थ सगळ्यात शेवटी आला. लोक आधी भाषा शिकतात, मग लिहितात. मी आधी लिहिली, मग मला ती आली. अजूनही बोलता येत नाही. कुणी इंग्रजीत नाव विचारलं तर मी गप्प बसते, पण मशीन द्या, नावगावासकट सगळं लिहून देईन.

बाहेरच्या माणसाला वाटतं, टायपिंगचं काम म्हणजे बोटांचं काम. तसं नाही. मराठी अर्ज लिहिणारे आवारात पुष्कळ होते. आमच्याकडं यायची ती इंग्रजीची कामं. वकिलांची, बँकांची, रेल्वेची, बाहेरदेशच्या संस्थांची. माणूस येऊन आपली सगळी कहाणी सांगतो. मध्ये रडतो, मध्ये शिव्या देतो, मध्ये उठून चहा सांगून येतो. त्यातून आपण चार ओळी काढायच्या, त्या इंग्रजीत बसवायच्या आणि तीन प्रतीत बडवायच्या. वरचा कागद, खाली कार्बन, पुन्हा कागद, पुन्हा कार्बन. एक शब्द चुकला तर वरची प्रत खोडता येते, पण खालच्या प्रतींवर काळं फासलं जातं आणि साहेब कागद परत फेकतो. म्हणून शब्द आधी ठरवायचा आणि मगच बोट उचलायचं. ही शिस्त मला ह्यांनी लावली.

बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही नांदेडला होतो. माझं नवंनवं होतं तेव्हा. मला ‘टुगेदर’ हा एकच शब्द माहीत, म्हणून जिथं तिथं मी तोच टाकायची. एक दिवस हे म्हणाले, ‘‘तुझं टुगेदर म्हणजे मिठासारखं झालंय. खिरीतपण टाकायलीस.’’ मी म्हटलं, मग फरक सांगा की. ह्यांना समजावून सांगायची आवड नव्हती, पण तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची भाकरी होती, तिला ना वास ना चव. त्या भाकरीवरच त्यांनी मला इंग्रजी शिकवली.

म्हणाले, पंगतीत बसलो की टुगेदर. ओळ एक, वेळ एक, पण ताटं आपापली, आणि उठलं की संपलं. दोघांनी एकाच ताटात खाल्लं की ते जॉइंट. तिथं एकट्याला हात धुऊन उठता येत नाही, ताट उचलायचं तर दुसऱ्याला विचारावं लागतं. शेजारीण वाटी घेऊन येते, तू तिला पीठ देतेस, ती तुला उद्या डाळ देते, ते म्युच्युअल. आणि भाकरीबरोबर ठेचा घेतलास ते अलाँग विथ. भाकरी मोठी, ठेचा तिच्या आधारानं. ठेचा नसला तरी जेवण होतं, हे ठेच्यानं विसरू नये.

मी विचारलं, आणि कॉमन? हे घास गिळून म्हणाले, ते या वर्षी सांगता येणार नाही, भाकरी पुरली पाहिजे.

ते माप मला फार कामाला आलं. पार्टी समोर बसली की मी विचारायची, तुमचं हे मिळून जेवणाच्या हिशेबात सांगा. लोक आधी हसायचे, मग खरं बोलायचे. एकदा दोघं दोस्त आले, आडत दुकान काढणार होते. म्हणाले, सख्ख्या भावासारखे आहोत, जॉइंट लिहा. मी म्हटलं, एका ताटात जेवाल का? पहिला म्हणाला, हाव. दुसरा म्हणाला, ‘‘बाई, हा लई भरभर खातो.’’ मग तिथंच झुंपली की हो त्यांची. भांडण मिटल्यावर त्यांनी आपापली दोन दुकानं काढली, तीही शेजारी शेजारी, आणि मला दोघांच्याही उद्घाटनाचा पेढा आला.

एक जोडपं आलं होतं. त्यांना वेगळं व्हायचं होतं, राजीखुशीनं. वकिलानं सांगितलेला शब्द म्युच्युअल होता, तो मला टाकायचाच होता, विचारायचं काही कारण नव्हतं. पण सवयीनं विचारून बसले. ती पोरगी म्हणाली, ‘‘लग्न झाल्यापासून आमचं कशावरबी एकमत झालं न्हाई. हे पहिलंच.’’ नवरा मान खाली घालून म्हणाला, ‘‘हाव, यावर आमचं जमून राहिलंय.’’ मी टाइप करत होते तोवर दोघं एका बाकावर बसून उसाचा रस प्यायले. ग्लास वेगवेगळे होते. मी ते बघून घेतलं. अशी खोडच लागली होती मला.

पुढं हे गेले. नांदेडात एकटीनं राहायचं जिवावर आलं. माझा धाकटा भाऊ लातूरला होता, तो म्हणाला, आक्का, लातूर आता जिल्हा झालाय, इकडं ये, काम खंडीभर आहे. नवा जिल्हा कसा होतो ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आधी रंगारी येऊन पाट्या रंगवतो. मग खुर्च्या येतात, मग साहेब येतात, आणि साहेबाच्या मागोमाग टाइपरायटर घेऊन आम्ही झाडाखाली येतो. फायली तेवढ्या मागं राहिलेल्या असतात. जुना जिल्हा उस्मानाबाद, तिथून फायली येतील म्हणून लोक रोज चकरा मारायचे आणि जाताना आमच्याकडं बसून निवांत बोलायचे.

तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात एक दिवस मी सकाळी मशीन मांडून बसले तर आवारात चिटपाखरू नाही. रस्ता रिकामा, दुकानं बंद. मला वाटलं, दंगल झाली की काय. एक शिपाई सायकलवरून चालला होता, तो थांबला आणि म्हणाला, ‘‘बाई, आज येळवस हाय. मशीन झाका आणि चला.’’ वेळ अमावस्येला तिकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव, सगळं शहर शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करतात, शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भज्जी, बाजरीचे उंडे, प्यायच्या आंबट आंबिलीचा मोठा डेरा. मला ना शेत ना शिवार, पण त्या शिपायाच्या शेतात मी पोट फुटेस्तोवर जेवले. वाटेनं जाणाऱ्या माणसाला ते हाका मारून बोलवत होते. ओळख असो नसो, ये, बस, आंबील घे. मला ह्यांची आठवण आली. मनात म्हटलं, बघा, हे तुमचं राहिलेलं कॉमन. तेव्हापासून त्या सगळ्या शब्दांत कॉमन हा मला मोठ्या मनाचा शब्द वाटू लागला. अर्जात जिथं बसेल तिथं मी तो आनंदानं टाकायची.

आता मूळ गोष्टीवर येते. एवढं सगळं तिच्यासाठीच सांगितलं.

नव्या जिल्ह्याचा रंग उडायच्या आत पावसानं पुन्हा पाठ फिरवली. विहिरी तळाला गेल्या. त्या वेळी बाहेरदेशची एक संस्था गावोगाव बोअर पाडून हातपंप बसवून देत होती. संस्थेचा माणूस गावात यायचा, पाणी कुठं लागेल ते बघायचा, आणि सांगायचा की अर्ज बायकांच्या नावानं पाहिजे आणि इंग्रजीत पाहिजे. त्या अर्जात महत्त्वाची ओळ एकच होती. हा पंप कुणाचा, आणि तो कोण बघणार. तिथं जे लिहिलं असेल त्याच्यावरच पुढं संस्था चालायची. गावाचं म्हणून लिहिलं तर पुढचं सगळं गावानं ठरवायचं, संस्था मध्ये पडायची नाही. बायकांनी नावानिशी जॉइंट म्हणून घेतलं तर त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या सहीशिवाय पंपाच्या वेळा, जागा, काहीच बदलता यायचं नाही. असले अर्ज मी आधी टाइप केले होते, म्हणून मला हे ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला दोघी जणी माझ्याकडं आल्या. गाव शिरूर अनंतपाळच्या अंगाचं. पहिली महानंदाबाई. लिंगायताच्या घरची, गावात किराणा दुकान, थोडी शेती. नवरा वारलेला, कारभार दिराच्या हातात, पण जमिनीचा एक तुकडा हिच्या नावावर होता आणि संस्थेच्या माणसानं पाण्याची खूण नेमकी त्याच तुकड्याच्या कडेला केली होती. दुसरी सुलोचनाबाई. बौद्ध वस्तीतली, दवाखान्यात आया होती, सरकारी नोकरीची. पातळ नीट चापून नेसलेली, पिशवीत छत्री. संस्थेनं सांगितलं होतं की गाव आणि वस्ती दोन्हीकडच्या बायका पाहिजेत, म्हणून दोघी आल्या होत्या. एकाच एस्टीनं आल्या, पण माझ्या बाकाच्या दोन टोकांना बसल्या. मध्ये पिशव्या.

महानंदाबाई बोलघेवडी. तिनं सांगायला सुरुवात केली. ‘‘लिवा, आमी समद्या बाया मिळून...’’

मी हसून माझं नेहमीचं विचारलं. म्हटलं, कसं मिळून? जेवणाच्या हिशेबात सांगा. पंगतीसारखं, एका ताटासारखं, का येळवशीसारखं?

महानंदाबाईचा चेहराच खुलला. ‘‘येळवशीसारखं की. समद्या गावाचं. पाण्याला काय कुणी न्हाई म्हनतंय?’’

मी म्हटलं, म्हणजे कॉमन. छान शब्द आहे. कागद लावायला घेतला. सुलोचनाबाई माझ्याकडं न बघता, समोर लिंबाकडं बघत म्हणाली, ‘‘येळवशीला आमाला आंबील बांधावर देतेत. वरून वततेत. त्याला काय शब्द हाय बाई तुमच्या इंग्रजीत?’’

माझा कागद हातातच राहिला. इतकी वर्षं मी ते माप घेऊन फिरत होते, भल्याभल्यांना मोजलं होतं. एका ओळीत बसायलाच मिळत नाही, त्यांना कोणत्या ताटानं मोजायचं, हे मला कधी सुचलं नव्हतं, ह्यांनाही सुचलं नव्हतं. महानंदाबाई पदराचं टोक चुरगाळत राहिली. ती वाईट बाई नव्हती. म्हणाली, आता तसं कुठं राहिलंय एवढं, जुनी माणसं गेली. सुलोचनाबाईनं नुसतं हूं केलं.

मग महानंदाबाईच म्हणाली, म्हणून तर म्हणते, सगळ्यांचं लिहा, मोकळं लिहा, कुणाचं नावच नको. तिला खरंच वाटत होतं की यापेक्षा जास्त कुणी काय देणार. आणि खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटत होतं.

सुलोचनाबाई म्हणाली, सगळ्यांचं नको.

मग तिनं सांगितलं, शांतपणानं, दवाखान्यात पेशंटला गोळी कशी घ्यायची ते सांगावं तसं. बाहत्तरला ती नवी नवरी होती. गावात सरकारनं विहीर बांधली. तिच्या कठड्यावर मोठ्या अक्षरात ‘सार्वजनिक’ असं रंगवलेलं होतं. वस्तीतल्या बायका खाली घागरी घेऊन बसायच्या आणि वर कुणाच्या मनात येईल तेव्हा ती ओतायची. कधी ओतायची, कधी उद्या ये म्हणायची. ‘‘मला तवा वाचता येत नव्हतं. तिथं वाट बघत बसून बसूनच मी ती अक्षरं शिकले. सगळ्यांचं म्हंजे ज्याचा आवाज मोठा त्याचं, बाई. मला मोठ्या मनाचं पानी नको. माझं नाव लिवा. तिचं बी लिवा. आन् दोघींच्या सहीबिगर हालता येनार न्हाई असं काय असंल तुमच्याकडं, ते लिवा.’’

मी म्हटलं, आहे. जॉइंट.

तो कोरडा शब्द आहे, वकिली. मला तो कधी आवडला नव्हता. त्यात कुणाला हाक मारून बोलवणं नाही, उलट कोण आत आणि कोण बाहेर याची मोजदाद आहे. ते मी तिला सांगितलंसुद्धा. म्हटलं, बाई, या शब्दाला दार असतं. ती म्हणाली, ‘‘असू द्या. आजवर आमी बिनदाराच्या घराबाहेरच हुबं हावोत.’’

आता सगळं महानंदाबाईवर आलं. जमीन तिची. ती नाही म्हणाली असती तर संस्थेनं दुसऱ्या गावाला बोअर दिला असता आणि त्या उन्हाळ्यात दोघींच्याही घरी घागर कोरडी राहिली असती. हो म्हणावं तर दिराला काय सांगायचं? दिरानं तिला बजावून पाठवलं होतं की गावाच्या नावानं करून ये, पुढचं मी बघतो. तिनं मला दोन-तीनदा विचारलं, म्हणजे मला माझ्या शेताच्या कडेला पंप असून वेळ बदलायची तर हिची सही लागणार? मी म्हटलं, हो. आणि हिला बदलायची तर माझी? मी म्हटलं, हो, तिलाही. मग माझ्या दिराला बदलायची तर? मी म्हटलं, त्यांचं नावच यात नाही.

तिनं पिशवी उचलली. मग उठली आणि म्हणाली, घरी इचारून येते. सुलोचनाबाईनं छत्री काढली आणि मान हलवली. घरी विचारून येते म्हणून गेलेली पार्टी परत येत नाही, हे आवारातलं पोर सांगेल. दोघी एस्टीकडं गेल्या, पुढं महानंदाबाई आणि थोडं अंतर ठेवून सुलोचनाबाई. मी हातातला कोरा कागद गठ्ठ्यात परत ठेवला आणि माझ्यावरच चिडले. इतकं खोलात विचारलं नसतं, गुपचूप कॉमन टाकून दिलं असतं, तर निदान बोअर तरी पडला असता. दाराशी पाणी आलं असतं, मग वाटून घेतलं असतं कसंबसं. असं मला त्या दिवशी वाटलं. आजही कधीकधी वाटतं की मी जिथं तिथं कॉमन टाकत होते त्या अर्जांचं पुढं काय झालं असेल. कुठल्या कुठल्या गावी कोण कठड्याखाली बसलं असेल, ते मला कळायला आता काही मार्ग नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी महानंदाबाई एकटीच आली. उन्हानं लाल झालेली. मी पाणी दिलं. म्हटलं, विचारलं का घरी? ती म्हणाली, न्हाई. मी म्हटलं, मग? ‘‘इचारायला गेले तर दीर जेवत होते. त्यांनी वर बघितलंबी न्हाई. म्हनले, तुला काय कळतंय त्यातलं. मंग म्या इचारलंच न्हाई.’’ आणि पदराच्या गाठीतून तिनं कागदाची घडी काढली, बायकांची नावं होती. गावातल्या चौघी, वस्तीतल्या चौघी, वर सुलोचनाबाईनं आपल्या अक्षरात आपलं नाव लिहून दिलेलं. महानंदाबाई म्हणाली, ‘‘टाका तुमचा तो कोरडा शब्द.’’

मी टाकला. तीन प्रतीत.

बोअरला पाणी लागलं. पंप बसला. हे मला संस्थेच्या ड्रायव्हरकडून कळलं, तो चहाला आमच्याकडं यायचा. पण पंप बसणं आणि पाणी मिळणं यात अंतर असतं, म्हणून मी मनातून धास्तावलेलीच होते. उन्हाळा तापत गेला, तशी गावोगावची भांडणं आमच्या झाडाखाली येऊ लागली. रोज कुणी ना कुणी पाण्याची तकरार घेऊन यायचं. त्या गावचं कुणी आलं नाही. ते बरं म्हणावं की वाईट, तेही कळेना.

मृगाच्या आधी महानंदाबाई आली. पोरीच्या शाळेचं काहीतरी काम होतं. मी मशीनवरचा हात काढला आणि आधी पंपाचं विचारलं. ती बाकावर ऐसपैस बसली आणि हसायलाच लागली.

झालं होतं असं. भर उन्हाळ्यात पंपाचं पाणी कमी येऊ लागलं. दिरानं गावातल्या चार माणसांना घेऊन ठरवलं की सकाळी गावानं भरायचं आणि वस्तीनं दुपारी, उरलं तर. तसा कागद कुणाकडून तरी लिहून आणला आणि संस्थेच्या माणसाकडं गेले. तो म्हणाला, माझी हरकत नाही, पण सगळ्या बायकांच्या सह्या लागतील, पहिल्या दोन नावांपासून सुरुवात करा. दीर घरी आला. कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. महानंदाबाई म्हणाली, ‘‘बाई, लगीन होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला कुनी काय मागायला आलं. म्हनले, वहिनी, हितं सही पायजे तुमची.’’

मी विचारलं, मग केलीस?

ती म्हणाली, नाही म्हणायची माझी छाती नव्हती. त्यांच्याच घरात राहायचं. पोरीचं लग्न त्यांनीच करायचं. मग मी म्हटलं, भाऊजी, मी करते की, पण सुलोचनाबाईचं नाव माझ्या वर आहे. तिची आधी लागते. तिची आणा, मग माझी घ्या.

दीर भर दुपारी वस्तीत गेला, मागं गावातली पोरं, म्हणून तिथलं सगळं गावभर झालं. तो माणूस त्या वाटेनं कधी गेलेला नव्हता, घर विचारत विचारत जावं लागलं. सुलोचनाबाई नुकती दवाखान्यातून आलेली. तिनं बाज टाकली, बसा म्हणाली. बसला. तिनं कागद घेतला, चष्मा लावला, सगळा वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाली, ‘‘मी करते की सही. पण जमीन महानंदाबाईची हाय. तिची आधी लागती. तिची आना, मंग माझी घ्या.’’

दीर परत घरी आला. महानंदाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुन्हा तेच सांगितलं. तो पुन्हा वस्तीत गेला. तिथं पुन्हा बाज टाकलेली, पुन्हा बसा, आणि पुन्हा तेच. ऊन मी म्हणत होतं. संध्याकाळी त्यानं कागद देवळीत ठेवून दिला आणि पागोटं काढून पंख्याखाली आडवा झाला. तो कागद अजून तिथंच आहे, महानंदाबाई रोज त्याच्यावरची धूळ झटकते.

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या मशीनवरचे मराठी अर्जवाले काका काम थांबवून बघायला लागले. मी तिला म्हटलं, पण भारी ठरवलं हो तुम्ही दोघींनी. कधी बसलात, कुठं बसलात?

ती हसता हसता माझ्याकडं वळली.

‘‘ठरवलं कुठं? न्हाई वो. आमी त्यावर कवा बोललोच न्हाई. ठरवलं असतं तर भाऊजींना कळलं नसतं व्हय?’’